बंद केलेला कम्प्युटर

"अक्का, जरा हितं या. हात लावून बघा. गरम आहे."

वैजयंती नुकतीच बँकेतून आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. आतल्या खोलीत कम्प्युटरपुढं उभी राहून तिनं त्याच्या डब्यावर तळहात ठेवला होता, पोराचा ताप बघावा तसा. मी पदराला हात पुसत गेले. पडद्यावर हिरवं माळरान आणि निळं आभाळ दिसत होतं, आणि खाली डबा घुं घुं करत होता.

"सकाळी जाताना मी स्वतः बंद केला होता. पडदा काळा झाला, आवाज थांबला, मगच निघाले."

"मग?"

"मग आता चालू कसा?"

"मला काय विचारतीस वैजू? मला तो लावतासुद्धा येत नाही."

"लावायला काय लागतंय? एक बटण तर दाबायचं असतंय."

एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता. वीस वर्षं संसार केला होता मी त्या नजरेखाली, पण ते पुढं सांगते.

ही गोष्ट सांगलीतली, घरोघरी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं त्या काळातली. इंटरनेट चालू असलं की फोन एंगेज, आणि कुणाला फोन करायचा असला की इंटरनेट बंद. मी तेव्हा धाकट्या भावाकडं, जयवंताकडं, येऊन राहिले होते. नवऱ्याचं घर कराडला. एका सकाळी पिशवीत चार लुगडी भरली आणि एसटीत बसले. दारात उभी राहिले तेव्हा जयवंतानं एक प्रश्न विचारला नाही, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला, "ये." त्याच्या त्या एका शब्दावर मी जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

बाकीच्यांना मात्र प्रश्नच प्रश्न होते. नवरा दारू पितो का? नाही. मारतो का? नाही. बाहेर काही भानगड? छे. सरकारी नोकरी, देवधर्म, तंबाखूचंही व्यसन नाही. मग बाई सोडून का आली? मी सांगत नसे. सांगून कुणाला पटलं नसतं. आणि बाईनं कारण सांगितलं नाही की लोक आपल्या मनानं कारण तयार करतात, तेही चांगलं तिखटमीठ लावून.

वैजयंतीनं तयार केलेलं कारण असं होतं: माझं आणि नवऱ्याचं भांडण लटकं आहे. मी रुसून आले आहे, आणि दुपारी घरात कुणी नसताना गुपचूप त्यांना मेल पाठवते. कराडच्या त्यांच्या ऑफिसात कम्प्युटर आले होते. आणि जयवंतानं हौसेनं मला एकदा माउस धरायला शिकवलं होतं, पत्त्यांचा डाव लावून दिला होता. झालं, पुरावा मिळाला.

"परत जायचंच असेल तर सरळ सांगावं," ती स्वयंपाकघरात जयवंताला म्हणाली. मला ऐकू जाईल एवढ्याच बेतानं. "आपण हितं दाजींना शिव्या घालायच्या आणि अक्कांनी तिकडं गोड गोड लिहायचं. उद्या दोघं एक होतील आणि वाईट कोण? आपण."

"हळू बोल," जयवंत म्हणाला.

तिचा राग मला कळत होता. वैजयंती तोंडानं फटकळ, पण पोटात काही ठेवणारी नव्हती. मला राग आला तो कम्प्युटरचा. मुका, निर्जीव डबा, आणि माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी बंद केलेला, संध्याकाळी चालू. शेवटी जयवंतानं मगदूमला बोलावलं. मगदूमचं कम्प्युटरचं दुकान होतं. कम्प्युटर त्यानंच विकला होता, दिवाळीच्या सुमारास इंटरनेटचा मोडेमही त्यानंच बसवला होता. आला तोच डॉक्टरसारखा बॅग उघडून बसला.

"व्हायरस आहे वैनी," डबा उघडायच्या आधीच त्यानं सांगितलं. "हल्ली सगळ्यांनाच झालाय."

"व्हायरस असला की आपोआप चालू होतो?" मी विचारलं.

"व्हायरस काय वाट्टेल ते करतो, अक्का."

डबा दुकानात गेला. आठवड्यानं परत आला तेव्हा मगदूमचा सूर बदलला होता. "सगळं पुसून नवीन टाकलं. रोज रात्री बंद करून जात होतो, सकाळी बंदच. एकदासुद्धा आपोआप लागला नाही." मग आवाज खाली आणून तो जयवंताला म्हणाला, "मशीन एकदम ओक्के हाय साहेब. माणसं बघा."

मी दाराआड चहा घेऊन उभी होते. तो चहा त्याला द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. दिला तरी.

डबा घरी आला, तारा जोडल्या, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा चालू.

आता तर शंकेला जागाच राहिली नाही. दुकानात गुणी, घरात अवगुणी, म्हणजे दोष घराचा. आणि दिवसभर घरात मी एकटी.

वैजयंतीनं मग सापळा लावला. सकाळी जाताना तिनं कम्प्युटरच्या बटणावर आणि कळफलकावर बारीक रांगोळी भुरभुरली. मला दिसली. मी मुद्दाम त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडला नाही, केरही काढला नाही. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लागू दे. संध्याकाळी ती आली. कम्प्युटर चालू होता आणि रांगोळी जशीच्या तशी होती, बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

"बघ आता!" मी म्हणाले. मला अगदी जिंकल्यासारखं झालं होतं.

तिनं रांगोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग देव्हाऱ्यापुढच्या रांगोळीच्या डबीकडं.

"पुन्हा भुरभुरवायला कितीसा वेळ लागतोय?" ती म्हणाली.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. आणि खोटं कशाला सांगू, तोवर ती कावीळ मलाही झाली होती. मला वाटायला लागलं, हे सगळं वैजयंतीच करते. सकाळी सगळ्यांच्या देखत बंद करते, आणि चप्पल घालताना काहीतरी विसरल्याचं सोंग करून आत जाते आणि लावून येते. नणंद कायमची घरात बसली की कुठल्या बाईला रुचेल? मी तिच्या पावलांवर कान ठेवायला लागले. ती परत आत गेली की मी मागं जायची. ती म्हणायची, "रुमाल घेतेय अक्का." मी म्हणायची, "घे की, मी कुठं काय म्हणतेय." एका घरात दोन बाया एकमेकींवर पाळत ठेवून होत्या, आणि जयवंत दोघींच्या मधे मुकाट्यानं भाकरी मोडत होता.

एकदा दुपारी स्वयंपाकघरात असताना मला आतून घुं घुं ऐकू आलं. म्हटलं, चालू सापडला तर पुन्हा माझ्यावरच येणार. धावत गेले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. ते बटण कधी बंद करायचं नाही, वीज गेली तरी कम्प्युटर चालवणारी बॅटरी चार्ज राहिली पाहिजे, असं मगदूमनं सांगितलं होतं. कम्प्युटर बंद झालाच नाही, उलट बॅटरीचा डबा कूं कूं करून बोंबलायला लागला. मग मी हाताला लागेल ती तार ओढली. शांत झालं. तार पुन्हा खोचली, बटण चालू केलं, आणि देवाला हात जोडले.

संध्याकाळी वैजयंतीनं कम्प्युटर लावला तर पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. तिनं जयवंताला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला: "कम्प्युटर नीट बंद केला नव्हता. बघ. म्हणजे सकाळनंतर लावला होता, आणि घाईघाईनं बंद केला."

आता बंद केला तो मीच होता, हे खरंच. मी सांगितलं, सगळं जसंच्या तसं. आपोआप लागला, मी घाबरले, तार ओढली.

"आपोआप," वैजयंती म्हणाली.

जयवंत माझ्याजवळ येऊन बसला. आवाज अगदी मऊ होता त्याचा. "अक्का, मी काय म्हणतो, वापरलास तरी काय बिघडतंय? कुणी तुला रागावणार आहे का? फक्त सांग. मनात ठेवू नको."

वैजयंतीच्या दहा टोमण्यांनी झालं नाही ते त्या 'फक्त सांग'नं झालं. म्हणजे यालाही वाटतंच होतं.

"मी नाही लावला," मी म्हणाले.

तो म्हणाला, "असं करू. उद्या रविवार. दाजींना बोलावून घेतो. समोरासमोर बसू. तुला परत जायचं असलं तर मानानं जा, आम्ही सोडायला येतो. असं चोरून कशाला?"

ते येणार, सोफ्यावर बसणार, चहा घेणार, चार गोड शब्द बोलणार. सगळ्यांना पटणार, बाई उगाच आली. आणि संध्याकाळच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलेली असणार.

"सोमवारी बोलाव," मी कसंबसं म्हणाले. "मला एक दिवस दे."

"कशाला?"

"या डब्याला रंगेहाथ पकडायला."

वैजयंती फिसकन हसली. पण जयवंत हो म्हणाला. रविवारी ती दोघं सकाळीच बाहेर पडली. वैजयंतीच्या मावशीचं काहीतरी होतं माधवनगरला, ती तिकडं गेली. जयवंताला ऑफिसात काम होतं. जाताना वैजयंतीनं मला बोलावून, माझ्या डोळ्यांदेखत कम्प्युटर बंद केला.

मी परातीत मटकी घेतली आणि कम्प्युटरसमोर मांडी घालून बसले. मटकी निवडायची आणि मधूनमधून मान वर करून बघायचं. पडदा काळा. डबा गप्प. निवडून झाली, पुन्हा निवडली. कमरेला रग लागली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. एकदाच. मी उठलेसुद्धा नाही. आमच्या घरची जुनी पद्धत आहे ती, वडिलांपासूनची. परगावी सुखरूप पोचलं की घरी फोन लावायचा, एक रिंग झाली की ठेवून द्यायचा. घरच्यांनी समजायचं, पोचला. फुकटात निरोप. जयवंताच्या कंपनीचे पंप तासगाव, जत, विटा असे गावोगावी बसवलेले, त्याची सारखी फिरती. रोज दुपारी अशी एक रिंग यायची, कधी दोनदा. मी मनात म्हणायची, पोचला बाई. बरं वाटायचं मला. कुणीतरी आपल्याला निरोप देण्याच्या लायकीचं समजतंय असं वाटायचं.

आणि समोर डबा घुरघुरला. बारीक लाल दिवा लागला, पडदा उजळला, आणि आलं हिरवं माळरान.

मी परात घेऊन तशीच बसून राहिले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी रामरक्षा तोंडात आली हे मान्य करते. अर्धीअधिक म्हटल्यावर डोकं चालायला लागलं. फोन, आणि मग कम्प्युटर. तार ओढली त्या दिवशी? त्या दिवशीही आधी फोन वाजला होता. मी पुन्हा तार ओढली, पुन्हा खोचली, आणि बसले.

दुपार कलायच्या आधी पुन्हा एक रिंग आली. डबा पुन्हा जागा झाला.

वैजयंती आली तेव्हा मी दारातच तिला गाठलं. "वैजू, फोन वाजला की तो लागतोय!"

"काय?"

"कम्प्युटर. फोन वाजला की लागतोय."

"असं होय!" ती म्हणाली. "आणि कुकरची शिट्टी झाली की टीव्ही लागत असेल."

"चेष्टा नंतर कर. आधी बंद कर तो. आणि समोर आरवाडे काकूंकडं जाऊन आपल्या घरी फोन लाव. मी इथं हॉलमध्ये उभी राहते, तिकडं पाऊल टाकत नाही. तू फोन लावून पळत ये."

ती गेली, मला वाटतं, मला कायमचं गप्प करायला. फोन वाजला. ती धापा टाकत आली, मला हॉलच्या मध्यावर उभी बघितली, तशीच आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतूनच हाक आली, "अक्का, पुन्हा एकदा करू."

तीन वेळा केलं. आरवाडे काकूंना वाटलं आमच्या घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे.

शेवटच्या वेळेला वैजयंती बाहेर आली ती थेट माझ्या पायाशी वाकली. "चुकले मी अक्का. काय काय बोलले तुम्हाला. रांगोळी काय, मेल काय. शरम वाटतीय मला."

"ऊठ," मी म्हणाले. "मीही तुझ्या पाळतीवर होतेच." मग दोघीही हसलो, आणि हसता हसता मी रडले. तिनं मला रडू दिलं.

संध्याकाळी जयवंत आल्याबरोबर तिनं मगदूमला बोलावून घेतलं. त्यानं ऐकलं, खुर्ची ओढली, काहीतरी निळं पान उघडलं आणि जीभ चावली.

"माझीच चूक, वैनी. ह्यात एक सोय असती. फोन आला की मोडेम कम्प्युटरला उठवतो. मोडेम बसवताना ती चालू राहिली."

"आणि दुकानात का नाही उठला तुमच्या?"

"दुकानात त्याला टेलिफोनची तार कुठं जोडली होती?"

"आणि माणसं बघा म्हणाला होतासा," वैजयंतीनं त्याला सोडलं नाही. मगदूमनं ती सोय बंद केली आणि चहा न घेता गेला.

जयवंत खूश झाला. टाळी वाजवून म्हणाला, "सुटला बघ प्रश्न! अक्का, तू तर इंजिनियर निघालीस. दाजींना फोन करत नाही आता, मिटलं सगळं. वैजू, काहीतरी गोड कर."

वैजयंती जागची हलली नाही. बँकेत हिशेब जुळला नाही की बसते तशी बसली होती.

"पण जयवंत," ती म्हणाली, "रोज दुपारी आपल्याकडं फोन करतंय कोण?"

"म्हणजे?"

"फोन आल्याशिवाय तो लागत नव्हता. म्हणजे मी बँकेत असताना रोज फोन येत होता."

"यालाच विचारतीस?" मी हसून म्हणाले. "तोच की. पोचल्याची रिंग. तासगाव, विटा, कुठं पोचला की देतो."

वैजयंतीनं माझ्याकडं बघितलं आणि मग त्याच्याकडं. "दिवाळीपासून याची फिरती बंद आहे, अक्का. नवीन साहेब आल्यापासून हा ऑफिसातच बसतो. आज तर रविवार होता."

जयवंत पायाकडं बघायला लागला. लहानपणी पेरू चोरून आला की असाच बघायचा. मला वाटलं, आता तो काहीतरी सांगेल आणि आपण सगळे हसू.

"लाइन एंगेज आहे का बघत होतो," तो म्हणाला.

वैजयंतीनं फोनकडं बघितलं.

"तू नेटवर असलीस तर लाइन एंगेज लागली असती. म्हणून रोज एकदा बघायचो. कधीच एंगेज लागली नाही," तो घाईघाईनं म्हणाला, "खरंच, एकदाही नाही."

"तरी मला 'फक्त सांग' म्हणालास," मी म्हणाले.

"अगं, लाइन मोकळी लागायची आणि संध्याकाळी कम्प्युटर चालू सापडायचा, मला काही कळेना. म्हणून आणखी एकदा बघायचो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं पाणी खोटं नसतं, हे मला माहीत आहे. "संशय नव्हता गं अक्का. तू त्यांच्या बोलण्याला भुलशील आणि परत जाशील याची भीती वाटायची. काळजी वाटायची तुझी."

एवढ्या महिन्यांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं. आवाज चढवायचीही गरज पडली नाही.

"तेही काळजीच म्हणायचे, जयवंता. ऑफिसातून तासातासाला फोन. मी घरात आहे का बघायला. न्हाणीत असले, उचलायला उशीर झाला, की सायकल काढून घरी. कोण आलं होतं, कप दोन का विसळलेस, खिडकी कुणासाठी उघडी आहे. हात कधी उगारला नाही. आवाज अगदी मऊ. म्हणायचे, मला तुझी काळजी वाटते. वीस वर्षं. माझ्या पायाखालची जमीन गेली रे त्या काळजीनं. म्हणून आले मी. बाकी काही कारण नाही."

वैजयंती तोंडाला पदर लावून बसली होती. जयवंत एकदा माझ्याकडं आणि एकदा दाराकडं बघत होता, जसं काही मी त्याच क्षणी उठून जाईन.

मी त्या क्षणी उठले नाही. पण आठवड्यात मिरजेला नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलामागं एक खोली बघितली आणि त्या मुलींसाठी डबे सुरू केले. वैजयंती रजा काढून सामान लावायला आली, स्टोव्हची पिन सापडत नाही म्हणून दुकानदाराशी भांडली, आणि जाताना म्हणाली, "अक्का, जयवंतालापण यायचं होतं."

"त्याला सांग," मी म्हणाले, "मी बोलावेन तेव्हा ये. तोवर नको. फोनही नको."

मला वाटलं नव्हतं त्याला जमेल. पण तो आला नाही, फोन केला नाही, वैजयंतीकरवी साधा निरोपसुद्धा पाठवला नाही. पावसाळा गेला, दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी त्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही पहिल्यांदा, इतका वाळला होता. मी पाट मांडला होता. त्यानं खोलीत इकडंतिकडं बघितलं नाही, एक प्रश्न विचारला नाही. येऊन पाटावर बसला.